आकडा आणि अंतर

माझ्या भाच्याच्या मोटारीत, ड्रायव्हरशेजारच्या बैठकीपुढे जो कप्पा असतो त्यात, आरसी बुक आणि विम्याचे कागद यांच्या जोडीला एक दोनशे पानी वही ठेवलेली असते. मोटार विजेवर चालणारी आहे. ती घेतल्याला चार वर्षे पूर्ण झाली, आणि या चार वर्षांत ती ज्या ज्या दिवशी गावाबाहेर गेली त्या त्या दिवसाची नोंद त्या वहीत आहे : निघताना बॅटरी किती टक्के भरलेली होती, किती किलोमीटर झाले, परतताना किती टक्के उरली, हवा कशी होती, गाडीत माणसे किती होती, एसी चालू होता की बंद, आणि रात्री घरच्या मीटरवर किती युनिट चढले. माझे मेहुणे, म्हणजे या भाच्याचे वडील, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरीस होते. रोजकीर्द लिहिल्याशिवाय दिवस मावळू द्यायचा नाही ही त्यांची सवय मुलाने जशीच्या तशी उचलली आहे. विजेच्या मोटारींविषयी गेल्या दहाबारा वर्षांत जे छापून आले त्यातले पुष्कळसे मी वाचले आहे. मंत्र्यांची भाषणे, कंपन्यांचे जाहीरनामे, शेअरबाजाराचे अंदाज आणि त्या सर्वांना खोटे पाडणारे लेखही वाचले आहेत. परंतु या विषयावरचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज कोणता असे मला कोणी विचारले, तर मी या वहीकडे बोट दाखवीन.

वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, माहितीपत्रकातला आकडा उतरवून घेतला आहे : एकदा बॅटरी भरली की तीनशेहून अधिक किलोमीटर. त्यानंतरच्या पानांवर, चार वर्षांत, दोनशे तीसच्या पुढचा हिशेब एकदाही आलेला नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत, चार माणसे घेऊन, एसी लावून, महामार्गाने गाडी नेली तेव्हा तो एकशे ऐंशीच्या आसपास उतरला आहे. या दोन आकड्यांमध्ये जी सत्तर ते सव्वाशे किलोमीटरची तफावत आहे, तिच्यात या सबंध उद्योगाची कैफियत सामावलेली आहे असे मला वाटते. आणि ती कैफियत नीट समजून घेतली, तर कोणी लबाडी केली एवढेच न कळता, मुळात सत्यच किती विस्मयकारक होते आणि त्याला अलंकार चढवण्याची काही गरज नव्हती, हेही कळते.

मोठा आकडा खोटा नसतो. तो एका विशिष्ट परिस्थितीत खराच असतो, आणि ती परिस्थिती कोणती हे सांगितले जात नाही, एवढाच त्याचा दोष. पुण्यात एआरएआयची टेकडी म्हणून जी जागा पहाटे फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तिथे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, आणि देशात विकल्या जाणाऱ्या कित्येक मोटारींच्या तपासण्या होऊन त्यांचे दाखले तिथून मिळतात. पल्ला मोजण्याची रीत अशी, की मोटार रस्त्यावर न नेता तिची चाके पोलादी रुळांवर ठेवायची, आणि जागच्या जागी ती एका ठरलेल्या वेळापत्रकानुसार पळवायची. भारतात जे वेळापत्रक प्रमाण मानले गेले आहे त्याची एक फेरी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहून किंचित कमी असते. तिच्या पहिल्या भागात शहरातल्यासारखे थांबणे-निघणे असते आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. दुसऱ्या भागात तो वाढत जाऊन ताशी ९० ला पोचतो, पण तिथे क्षणभरच टिकतो. आणि सबंध फेरीचा सरासरी वेग काढला तर तो ताशी तेहेतीसच्या आसपास येतो. तिथे चढ नाही, वारा नाही, खड्डा नाही, मागच्या बैठकीवर आजी नाही, डिकीत लोणच्याच्या बरण्या नाहीत, आणि एसी बंद आहे. निरनिराळ्या मोटारींची परस्परांशी तुलना करता यावी यासाठी अशी एकसारखी कसोटी असणे अगदी योग्यच आहे. कसोटी घेणाऱ्यांचा त्यात काही अपराध नाही. अपराध घडतो तो पुढे, जेव्हा तुलनेसाठी काढलेला तो आकडा आश्वासन म्हणून दुकानाच्या काचेवर लागतो.

पेट्रोलच्या गाड्यांचे मायलेजही याच रीतीने मोजले जात आले आहे, आणि तेही रस्त्यावर कधी कुणाला पूर्ण मिळालेले नाही. मग त्याची ओरड का झाली नाही? कारण पेट्रोलपंप पाच-दहा किलोमीटरवर हजर असतो. आकडा फुगवलेला निघाला तर खिशाला थोडी झळ लागते, पण माणूस वाटेत अडकत नाही. विजेच्या गाडीत तीच अतिशयोक्ती माणसाला रात्री नऊ वाजता अनोळखी फाट्यावर उभे करू शकते.

आणि तफावत इतकी मोठी का पडते? याचे कारण मला फार उद्‌बोधक वाटते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट इतकी ऊर्जा असते. भाच्याच्या गाडीची बॅटरी तीस युनिटांची. म्हणजे सव्वातीन लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा मावते, तेवढीच शिदोरी घेऊन ही चार माणसांची मोटार घरातून निघते, आणि तेवढ्यावर दोनशे किलोमीटर जाते! पेट्रोलचे इंजिन आपल्या इंधनातला पाऊण हिस्सा उष्णतेच्या रूपाने हवेत उधळून देते. विजेची मोटर दहातला जेमतेम एखादा हिस्सा वाया जाऊ देते. परंतु काटकसरीच्या संसारात एक पाहुणा आठवडाभर राहिला तरी महिन्याच्या जमाखर्चात तो दिसून येतो, आणि उधळ्या घरात दहा पाहुणे येऊन गेले तरी पत्ता लागत नाही, तसे इथे होते. एसीला तासाला एक-दीड युनिट लागते. पेट्रोलच्या गाडीत हा खर्च इंजिनाच्या उधळपट्टीत बुडून जातो. विजेच्या गाडीत, पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत ताशी पंधराच्या गतीने सरकताना, गाडी ओढण्याइतकीच वीज निव्वळ गारव्यासाठी खर्च होऊ लागते. वेगाचे तसेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठऐवजी शंभरने गेलो तर तो पावणेतीन पट होतो. आणि चढाचे म्हणाल, तर माणसांसह सतराशे किलोची गाडी शंभर मीटर उंच न्यायला जवळजवळ अर्धे युनिट लागते, मग घाट कोणताही असो.

हा शेवटचा हिशेब आम्ही घाटातच शिकलो. गाडी घेतल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात पुण्याहून महाबळेश्वरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे असा बेत ठरला. अंतर एकशे वीस, येऊन-जाऊन दोनशे चाळीस, आणि कागदावर तीनशेच्या वर. म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर शिलकीत राहतील, असे गणित भाच्याने मला विश्वासाने सांगितले, आणि मलाही त्यात काही खोट दिसली नाही. खंबाटकी ओलांडेपर्यंत सर्व ठीक होते. वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला आणि पडद्यावरची टक्केवारी वळणागणिक उतरू लागली. महाबळेश्वरला पोचलो तेव्हा सव्वीस टक्के उरले होते. तिथे जेवायला थांबलो त्या ठिकाणी जोडणी मागितली, तर व्यवस्थापकाने वायरिंग जुने असल्याचे सांगून नम्रपणे नकार दिला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच दिला असता. उतरताना एक सुखद गोष्ट दिसली : घाट उतरताना मोटरच उलटी चालून वीज निर्माण करते आणि बॅटरीत परत भरते, त्यामुळे वाईत पोचेपर्यंत बत्तीस किलोमीटरमध्ये चारपाच टक्केच खर्च झाले. परंतु वाईत नकाशावर दाखवलेला चार्जर बंद होता. त्याचा पडदा काळा, त्याच्या नळीवर धुळीचा थर, आणि हेल्पलाइनवर बोलणाऱ्या मुलीने तक्रार नोंदवून घेतली असून दोन दिवसांत माणूस येईल असे सांगितले.

शेवटी आम्हाला तारले ते सुरूर फाट्याच्या अलीकडच्या एका गावातल्या पिठाच्या गिरणीने. गिरणीत मिरची कांडपाचे यंत्र होते आणि त्याच्यासाठी पंधरा अँपिअरचा सॉकेट. भाच्याने संकोचत विचारले तेव्हा गिरणीवाले हात झटकत बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आमची मोटार धा हॉर्सपावरची. तासाला साताठ युनिट खाती. तुमची किती खाती?"

"तीन," भाचा म्हणाला.

"मंग लावा की. दळणं आवरंस्तवर व्हईल तुमचं. बसा, मामा."

आम्ही पाच तास बसलो. गव्हाची, ज्वारीची, नंतर बाजरीची दळणे झाली. गाडीच्या काचांवर पिठाचा पांढरा थर बसला. अंधार पडल्यावर गिरणीवाल्यांच्या घरून चहा आला. निघताना त्यांनी मीटरवरचा फरक स्वतः वाचून दाखवला. पंधरा युनिट. पैसे घेताना त्यांनी तेवढ्याचेच घेतले, वर रुपया नाही. त्या दिवसाची नोंद वहीत अशी आहे : "२४० कि.मी. गिरणी १५ युनिट. घरी रात्री पाऊण वाजता, ११ टक्के. चार्जर आधी फोन करून विचारणे." वहीतला हा पहिला नियम, त्यानंतर भाचा एकदाही अडकलेला नाही.

आता जगाकडे पाहू. विजेच्या मोटारीला गवगव्याची बाधा काही आजची नाही. १९०० साली अमेरिकेत ज्या चारेक हजार मोटारी तयार झाल्या त्यांत वाफेच्या १६८१, विजेच्या १५७५ आणि पेट्रोलच्या केवळ ९३६ होत्या; त्याच्या आदल्याच वर्षी बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मानवी इतिहासात प्रथम ओलांडली होती; आणि थॉमस एडिसनसारखा विश्वविख्यात संशोधक आपली नवी निकेल-लोखंडाची बॅटरी आता सर्व अडचणी दूर करील असे सांगत होता. ती बॅटरी बाजारात आली, गळू लागली म्हणून एडिसनने ती मागे घेतली, आणि सुधारलेली बॅटरी हाती येईपर्यंत दशक उलटत आले; १९१२ साली कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला, हाताने हँडल फिरवण्याचा त्रास गेला, आणि पेट्रोलने बाजी मारली. एडिसन प्रामाणिक होता; त्याने केवळ मुदत चुकीची सांगितली. परंतु मुदत चुकली की बाजार थांबत नाही, हा या इतिहासातला फार कटू धडा आहे.

आपल्या काळात मात्र प्रामाणिक चूक आणि उघड फसवणूक यांच्यामधली रेषाच पुसट झाली. इस्राएलमध्ये शाय अगासी या उद्योजकाने बेटर प्लेस नावाची कंपनी काढली. रिकामी बॅटरी काढून काही मिनिटांत भरलेली बसवायची, ही त्याची कल्पना, आणि यंत्रेही खरोखरच उभी राहिली. पण सुमारे ८५ कोटी डॉलर खर्ची पडून गाड्या विकल्या गेल्या हजाराच्या आसपास, आणि मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. हे दुर्दैव म्हणता येईल. निकोलाचे प्रकरण त्या सदरात बसत नाही. या अमेरिकी कंपनीने २०१८ च्या आरंभी आपला मालट्रक रस्त्यावरून दिमाखाने धावतो आहे असे चित्रण प्रसिद्ध केले. पुढे उघड झाले, की तो ट्रक यूटा राज्यातल्या एका उताराच्या माथ्यावर ओढून नेला होता आणि तिथून सोडून दिला होता. तो धावत नव्हता, घरंगळत होता. जून २०२० मध्ये, एकही ट्रक विकलेला नसताना, या कंपनीचे बाजारमूल्य काही काळ फोर्ड कंपनीहून अधिक झाले होते! संस्थापक ट्रेव्हर मिल्टन याला ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले, पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा सुनावली, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. कंपनी मात्र त्याच्या आदल्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली. ज्या लहान गुंतवणूकदारांनी आपली शिल्लक त्या उतारावरच्या चित्रणावर विसंबून गुंतवली, त्यांना माफीचा काय उपयोग?

टेस्लाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिने खरोखरच उत्तम मोटारी केल्या आणि झोपलेल्या धंद्याला जागे केले. तो मान तिला द्यायलाच हवा. तरीही तिच्या मुदती वाचताना मन खिन्न होते. २०१६ च्या मार्चअखेरीस ३५ हजार डॉलरच्या मॉडेल थ्रीची नोंदणी सुरू झाली तेव्हा भारतातल्याही हौशी लोकांनी हजार-हजार डॉलर भरून नावे घातली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कंपनीचे पहिले दालन उघडले ते १५ जुलै २०२५ ला, आणि तिथे ठेवली गेली ती मॉडेल वाय, सुमारे ६० लाखांची. नव्या रोडस्टरचे प्रदर्शन नोव्हेंबर २०१७ मध्ये झाले, ती २०२० साली येणार होती. इलॉन मस्क यांनी २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगितले की वर्षभरात दहा लाख गाड्या चालकाविना भाड्याने फिरू लागतील. २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्या आरंभी मूठभर फिरू लागल्या, आणि पुढच्या बैठकीवर देखरेखीला माणूस होताच.

सरकारांचीही कथा निराळी नाही. आपल्याकडे जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय योजनेत २०२० पर्यंत साठ ते सत्तर लाख विजेची आणि हायब्रिड वाहने रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट होते. मुदत संपली तेव्हा देश त्या संख्येच्या जवळपासही नव्हता. २०१७ साली तर केंद्रातल्या मंत्र्यांनी २०३० नंतर पेट्रोल-डिझेलची एकही नवी मोटार विकली जाणार नाही इथपर्यंत मजल मारली; थोड्याच अवधीत ते उद्दिष्ट शंभर टक्क्यांवरून तीसवर आले. आणि प्रत्यक्ष? २०२४-२५ या वर्षात भारतात विकल्या गेलेल्या शंभर मोटारींत विजेच्या होत्या साधारण अडीच. युरोपातही मर्सिडीजने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि व्होल्व्होने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केवळ विजेच्या मोटारी विकण्याची आपापली २०३० ची प्रतिज्ञा सैल केली.

या फर्मानांच्या गदारोळात ज्यांनी खरे काम केले त्यांची आठवण कोणी काढत नाही. बंगळूरच्या चेतन मैनी यांची रेवा ही छोटी मोटार २००१ सालीच बाजारात आली. शिशाच्या बॅटऱ्या, ऐंशीएक किलोमीटरचा पल्ला, आणि लंडनच्या रस्त्यांवर जी-विझ या नावाने ती वर्षानुवर्षे फिरली. आणि त्याहून मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडून गेली. आज देशात विकल्या जाणाऱ्या नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेवर चालतात. कोणत्या शेअरबाजाराने तिला डोक्यावर घेतले नाही. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर चालवायचे, रात्री घरी भरायचे, पेट्रोलचे पैसे वाचवायचे, एवढे सरळ गणित त्या रिक्षावाल्यांना जमले, कारण त्यांची रोजची गरज आणि गाडीचा पल्ला यांत अंतर नव्हते. नियोजन करणाऱ्या मंडळींनी त्यांच्या शेजारी एक दिवस बसायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

धुराविषयीही सरळ बोलले पाहिजे. 'शून्य उत्सर्जन' ही अक्षरे गाडीच्या मागे लिहिलेली असतात, आणि धुराच्या नळीपुरती ती खरी आहेत. परंतु आपल्या देशातली सुमारे तीनचतुर्थांश वीज कोळशावर तयार होते, आणि एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅमहून थोडा जास्तच कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वहीतल्या मीटरच्या नोंदींवरून पाहता ही गाडी एका युनिटात सहा किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला १२० ग्रॅम, आणि तारांमधली गळती धरली तर १३० ते १४०. तशाच आकाराची पेट्रोलची गाडी, लिटरला पंधरा किलोमीटर देणारी, नळीतूनच दीडशेच्या वर सोडते, आणि तेल काढण्या-शुद्ध करण्याचा खर्च मिळवला तर आकडा पावणेदोनशेच्या पुढे जातो. फायदा आहे, पण तो किलोमीटरमागे चाळीस-पन्नास ग्रॅमचा आहे. त्यातून बॅटरी बनवताना जो धूर आधीच झालेला असतो, तीस युनिटांच्या बॅटरीमागे साधारण दोन ते तीन टन, तो फेडायला पन्नासेक हजार किलोमीटर जातात. भाच्याची गाडी आता एकसष्ट हजारांवर आहे, म्हणजे तिचे हे कर्ज नुकतेच फिटले. छपरावर सौर तावदाने असतील तर ते कितीतरी लवकर फिटते. परंतु पुण्याच्या चौकातला जो धूर कमी झाला, त्याचा काही वाटा चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राभोवती राहणाऱ्यांच्या छातीत जातो, हे आपण शहरातल्या लोकांनी विसरता कामा नये. वीज स्वच्छ झाल्याखेरीज मोटार स्वच्छ होत नाही, आणि जसजशी वीज स्वच्छ होते तसतशी तीच मोटार, काही न बदलता, स्वच्छ होत जाते; पेट्रोलच्या गाडीला हे कधीच साधणार नाही.

आता उलट बाजूचा गवगवा. तीन वर्षांत बॅटरी मरते आणि नवीन घ्यायला घर विकावे लागते, असे मला कित्येक सुशिक्षित माणसांनी छातीठोकपणे सांगितले आहे. वही काय सांगते? पहिल्या वर्षी नोव्हेंबरात पुण्याहून सातारा, तोच रस्ता, तीच माणसे : पंचावन्न टक्के खर्च. चौथ्या वर्षी नोव्हेंबरात : अठ्ठावन्न. बहुतेक कंपन्या बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची देतात, ती उगीच नव्हे. बॅटरीच्या किमतीचे तर असे झाले, की २०१० च्या सुमारास जिच्या एका युनिट क्षमतेला हजार डॉलरहून अधिक पडत, ती २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आली. इतकी घसरण होईल असे भाकीत करण्याचे धाडस फारच थोड्यांनी केले होते. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि तो देश काही उष्ण कटिबंधातला नाही. खर्चाचे म्हणाल, तर घरच्या विजेवर भाच्याला किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये पडतात, जिथे पेट्रोलला सात लागतात; बाहेरच्या जलद चार्जरवर मात्र हा फायदा निम्म्यावर येतो, आणि ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही.

एवढे सत्य हाताशी असताना फुगवलेला आकडा का लागावा? भांडवल उभे करायला, स्पर्धकाच्या आकड्याला उत्तर द्यायला, बातमीत जागा मिळवायला. ही कारणे मला समजतात, पण ती पटत नाहीत. ज्याने तीनशेवर विश्वास ठेवला आणि ज्याला दोनशे मिळाले, तो माणूस दोनशे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे कधीच पाहू शकत नाही. तो दहा जणांना फसवणुकीची गोष्ट सांगतो, आणि ते दहा जण आणखी दहा वर्षे पेट्रोल जाळतात. म्हणूनच २०२४ मध्ये टाटा मोटर्सने प्रमाण कसोटीच्या आकड्याशेजारी, चारांपैकी तीन ग्राहकांना प्रत्यक्ष मिळेल असा दुसरा आकडाही छापण्यास आरंभ केला, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. त्यांच्या ४५ युनिटांच्या नेक्सॉनचा पहिला आकडा ४८९ आहे आणि दुसरा ३५० ते ३७०. हा दुसरा आकडा कायद्याने सक्तीचा व्हावा, आणि तो पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापला जावा, अशी तरतूद सरकारने विनाविलंब करावी.

भाच्याच्या सोसायटीत चाळीस बिऱ्हाडे आहेत. चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक मोटार घेण्याच्या विचारात होते. त्यांनी दोन दालनांत जाऊन माहितीपत्रके आणली, आणि मग एका संध्याकाळी खाली येऊन भाच्याकडे ती वही दोन दिवसांसाठी मागितली. परत दिली तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरांत बेरीज केलेली होती आणि शेवटच्या पानावर सरासरी काढली होती : १९६. त्यांची मुलगी नाशिकला दिली आहे, इथून दोनशे दहा किलोमीटर. "म्हणजे अशीच घेतली तर संगमनेरला थांबावं लागेल," ते म्हणाले, "चहा होईपर्यंत." भाच्याने सांगितले, चहा नव्हे, पाऊण तास धरा, आणि निघण्याआधी तिथे फोन करा. त्यांनी खिशातून डायरी काढून 'पाऊण तास, फोन' असे लिहून घेतले, आणि पुढच्या सोमवारी जाऊन गाडी नोंदवून आले.